स्टेनोनं दुरुस्ती करायची नसते

१६ जुलै

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

पोचले. ट्रंक शाबूत, मीही शाबूत. फोन कर म्हणून तू बजावलं होतंस, पण फोनवर मला काही सुचत नाही, समोर साहेब बसल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा पत्र बरं.

हे विद्यापीठ म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही गं. बस जिथे वळून परत फिरते तिथे तीन इमारती, एक लायब्ररी, एक कँटीन, आणि मुलींचं वसतिगृह. आमच्या वर्गात अकरा पोरंपोरी आणि बारावी मी, वय वर्षं अठ्ठावन्न. पहिल्याच दिवशी जिन्यात एका मुलीनं अडवलं. "मावशी, बादली कुठे मिळेल हो?" मी म्हटलं, "मलाही हवीच आहे, मिळाली तर सांग." ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही इथे कामाला नाही?" मी म्हटलं, "नाही, शिकायला." तिनं अशी जीभ चावली! आणि नशीब बघ, तीच माझ्या वर्गात आणि माझ्याच खोलीत निघाली. वय एकोणीस, केस असे की कंगव्याचं आणि तिचं जन्माचं वाकडं असावं. मी तिला झिपरी म्हणते. तिनं हसून मान्य केलंय.

रेक्टरबाई म्हणाल्या, "इथे सगळ्यांना एकच नियम. साडेनऊला दार बंद. वयाची सवलत नाही." मग म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून आधीच सांगितलं."

समाजशास्त्राचे सर बोलण्याआधी तीनदा घसा साफ करतात, म्हणून पोरं त्यांना घसासर म्हणतात. पहिल्या तासाला म्हणाले, "माझं नुसतं ऐकून घ्यायला बसू नका. माझ्याशी भांडा. मी सांगतो ते खोटं पाडून दाखवा." मी तेही लिहून घेतलं. पेन्सिल हातात आली आणि हात आपोआप पळायला लागला. तेहतीस वर्षं सात साहेबांचं डिक्टेशन घेतलेला हात तो! आख्ख्या तासातला एक शब्द सुटला नाही. शेजारचा मुलगा वहीत डोकावून म्हणाला, "ही कुठली भाषा?" मी म्हटलं, "शॉर्टहँड." तो म्हणाला, "बाप रे."

जेवण बरं आहे. भाजीत पाणी जास्त. तू डबा वेळेवर खात जा. चष्म्याच्या दुकानात उभ्याउभ्या खाल्लेलं अंगाला लागत नाही.

तुझी
मावशी


२५ जुलै

ती. मावशी, साष्टांग नमस्कार घातला असं समज, दुकानात तेवढी जागा नाही.

तुझं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. आमचे हे म्हणाले, "अगदी मिटिंगचा वृत्तांत आहे." मी त्यांच्यावर डोळे वटारले, पण खरं सांगू का, आहेच तसं. रेक्टरबाई काय म्हणाल्या, झिपरी काय म्हणाली, तो शेजारचा मुलगासुद्धा "बाप रे" म्हणाला ते कळलं. तुला काय वाटलं? पहिल्या दिवशी भीती वाटली का? खुर्ची टोचली का? एवढी वर्षं ज्या कॉलेजसाठी हळहळत होतीस, पहिल्या वर्षातून उठावं लागलं म्हणून, ते एकदाचं मिळालं, तर त्याचं काही?

बाकी घसासरांचं बरंच वर्णन आलंय हं. वय काय? लग्न झालंय का? मी आपलं सहज विचारलं.

इकडे सगळं ठीक. काल एक गृहस्थ स्वतःचाच चष्मा कपाळावर ठेवून नवा करायला आले होते. मी नंबर काढेपर्यंत काही बोलले नाही.

तुझी
ठकू


२० ऑगस्ट

चि. ठकूस आशीर्वाद.

सर बासष्ट वर्षांचे आहेत, त्यांना बायको आहे, दोन नातवंडं आहेत आणि तुला अक्कल नाही. पुन्हा असलं लिहिलंस तर पत्र न उघडता परत पाठवीन.

उत्तराला उशीर झाला कारण मला इथे क्षणाची फुरसत नाही. झिपरीनं माझ्या वह्यांची दवंडी पिटली. रोज संध्याकाळी पाच वाजता आमच्या खोलीत सहाजणी येतात, मी शॉर्टहँडमधून वाचून दाखवते, त्या लिहून घेतात. ज्यांनी तास बुडवला त्यांनाही सर कुठे खोकले ते कळतं. एकीनं परवा विचारलं, "मावशी, सर अमुक तासाला माझ्याबद्दल काही म्हणाले का?" मी पान काढून वाचलं, "त्या खिडकीपाशी बसलेल्या मुलीला कोणी जागं करा." सगळ्या गडाबडा लोळल्या. कँटीनमध्ये माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवतात. शनिवारी मला पत्ते शिकवले. मी हरते म्हणून आवडते बहुतेक.

सर सध्या एका विणकरांच्या गावाबद्दल शिकवताहेत. तरुणपणी ते तिथे वर्षभर राहिले होते. गाव हळूहळू ओस पडलं, त्यावर त्यांचं पुस्तक चाललंय. हाताने लिहिलेल्या जाड वहीतून वाचतात आणि वही कपाटात ठेवून कुलूप लावतात. परवा मात्र एक गंमत झाली. आधी म्हणाले होते गावात चौतीस कुटुंबं होती, आणि त्या दिवशी म्हणाले त्रेचाळीस. मला लगेच खटकलं. पण मी त्रेचाळीसच लिहिलं. स्टेनोनं दुरुस्ती करायची नसते, साहेब बोलले ते उतरवायचं. माझ्या पहिल्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात हे ठणकावलं होतं, "तुम्हाला विचार करायला ठेवलेलं नाही."

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात परीक्षा. माझी तयारी उत्तम आहे. सगळं तोंडपाठ.

तुझी
मावशी


११ सप्टेंबर

चि. ठकूस आशीर्वाद.

पेपर झाले. हवा चांगली आहे. झिपरीला सर्दी झाली होती, आता बरी आहे. लायब्ररीला नवा रंग देताहेत.

कदाचित मी लवकरच तिकडे येईन. कायमची म्हण हवं तर. इतक्या वयात हे खूळ कशाला असंही वाटतं. माझ्या खोलीत तू शिवणाचं मशीन ठेवलं असशील तर राहू दे, मी बाहेर झोपेन.

मावशी


१६ सप्टेंबर

ती. मावशी,

ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. हवा चांगली आहे म्हणे! लायब्ररीचा रंग म्हणे! एवढ्याशा पत्रात एकही माणूस काही म्हणालेला नाही, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी भयंकर झालंय.

तुझ्या खोलीत मशीन नाही, काही नाही. तुझी उशीसुद्धा तशीच आहे. पण तू आलीस तर खरं काय ते सांगून यायचं. नापास झालीस का? झालीस तर झालीस. मी सातवीत गणितात नापास झाले तेव्हा तू काही बोलली नव्हतीस, नुसती शेजारी येऊन बसलीस. मी इथून शेजारी बसू शकत नाही, म्हणून विचारतेय.

उलट टपाली लिही. नाहीतर रजा टाकून मीच येते, आणि रेक्टरबाईंचं दार साडेनऊनंतर ठोठावते.

ठकू


२३ सप्टेंबर

चि. ठकूस आशीर्वाद.

नापास झाले असते तर लिहिलं असतं. माझ्यावर चोरीचा आळ आला होता.

"विणकरांचं गाव ओस का पडलं?" असा प्रश्न होता. मी सात पानं लिहिली. सरांनी मला खोलीत बोलावलं, त्यांची जाड वही आणि माझा पेपर शेजारी शेजारी ठेवला. म्हणाले, "बाई, हे पुस्तक अजून छापलेलं नाही. ही वही माझ्याशिवाय कोणी पाहिलेली नाही. तुमचं उत्तर हिच्यातून शब्दन्‌शब्द उतरवलेलं आहे. कपाटाची किल्ली तुम्हाला कुणी दिली?"

ठकू, तेहतीस वर्षांत माझ्या हातून गुप्त फाइली गेल्या, कुणी बोट दाखवलं नाही. मी मान खाली घालून बाहेर आले. तुला त्या हवेच्या चार ओळी लिहिल्या त्या त्याच दिवशी.

मग चौकशी बसली. सोमवारी मी, सर, विभागाच्या प्रमुख बाई आणि कुलसचिव. झिपरी दाराबाहेर उभी, तिला कुणी बोलावलेलं नव्हतं. कुलसचिव म्हणाले, "तुमचं म्हणणं काय?" मी म्हटलं, "मी वही पाहिली नाही. मी तासाला लिहून घेतलं आणि पाठ केलं." सर म्हणाले, "पन्नास मिनिटांचं भाषण कोणी शब्दन्‌शब्द लिहू शकत नाही." मी म्हटलं, "वाचून दाखवू?"

आणि मी अठरा ऑगस्टचा तास वाचायला घेतला. सर खोकले ते वाचलं. "ती खिडकी लावा हो, धूळ येते" वाचलं. "काल कुठे होतो आपण, हां, मागांच्या खोल्या" ते वाचलं. प्रमुख बाईंनी तोंडाला पदर लावला. पुढे आलं, "तेव्हा गावात त्रेचाळीस कुटुंबं होती." कुलसचिव सरांच्या वहीवर बोट ठेवून बसले होते, ते म्हणाले, "थांबा. इथे तर चौतीस आहे." माझा पेपर काढला. त्यात त्रेचाळीस. सर म्हणाले, "मी त्रेचाळीस म्हणालो?" तेवढ्यात बाहेरून झिपरी ओरडली, "हो सर! माझ्याही वहीत त्रेचाळीस आहे!"

वहीतून चोरलं असतं तर चौतीस आलं असतं, हे उजेडाइतकं स्वच्छ होतं. सरांनी उठून माझी माफी मागितली. खरंच उठून. म्हणाले, "बाई, मी तुमचा मोठा अपमान केला." मग मला विचारलं, "पण आधीच्या तासाला मी चौतीस म्हणालो होतो. तुमच्या लक्षात आलं नाही?" मी म्हटलं, "आलं होतं." ते म्हणाले, "मग पेपरात चुकीचं का लिहिलंत?" मी म्हटलं, "तुम्ही सांगितलं होतंत."

त्यांनी माझा पेपर पुन्हा चाळला. मग म्हणाले, "आळ गेला. पण ही सात पानं माझी आहेत. तुमचं यात एक वाक्य नाही. मी हा पेपर कोरा समजतो. चार नोव्हेंबरला हाच प्रश्न पुन्हा सोडवा, आणि तुम्हाला काय वाटतं ते लिहा."

ठकू, गेले चार दिवस मी कोरा कागद घेऊन बसतेय. मला काहीच वाटत नाही गं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सर म्हणाले ते वाटतं, पुस्तक म्हणतं ते वाटतं. चोर नाही हे सिद्ध झालं, पण त्याहून वाईट सिद्ध झालं. ट्रंक भरून ठेवलीय. पुढच्या आठवड्यात निघते.

मावशी


२८ सप्टेंबर

ती. मावशी,

आधी त्या सरांच्या खोलीत जाऊन त्यांचा चष्मा फोडावासा वाटला, मग शेवटचा परिच्छेद वाचला आणि तुझाच फोडावासा वाटला.

ट्रंक उघड. कपडे बाहेर काढ.

तुला काही वाटत नाही? माझं लग्न ठरलं तेव्हा सगळ्यांनी मुलगा चांगला म्हटलं. तुला विचारलं तर तू म्हणालीस, "सगळे चांगला म्हणताहेत." घर बदललं तेव्हा तेच. मी कधी पुढे विचारलं नाही, त्यातली निम्मी चूक माझी. पण पोटात काही नाही असं मात्र मी मानणार नाही. ज्या बाईला त्रेचाळीस खटकतं तिला सगळं खटकत असणार. तू ते लिहीत नाहीस, एवढंच.

म्हणून ऐक. मला एक पत्र लिही. त्यात दुसऱ्या कुणाचं बोलणं नको. साहेब नको, सर नको, झिपरी नको. नुसतं तुझं. मला न आवडणारं असलं तरी चालेल. खरं तर तसलंच लिही, म्हणजे मला कळेल की ते तुझं आहे. ते पत्र आल्यावर यायचं असेल तर खुशाल ये, मी स्टँडवर घ्यायला येते.

ठकू


७ ऑक्टोबर

ठकू,

पाच कागद फाडले. हा सहावा.

मी चोवीस वर्षांची असताना घर सोडलं. नोकरी मिळाली म्हणून सोडलं असं सगळ्यांना माहीत आहे. नोकरी आमच्या गावातही मिळत होती. मी अर्ज केला नाही. आमच्या घरात नऊ माणसं आणि दोन खोल्या. मी कपडे बदलताना तुझी आई दाराला पाठ लावून उभी राहायची, तिच्या वेळी मी. मला आतून कडी लावता येईल अशी एक खोली हवी होती. त्यासाठी मी गेले. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, कारण ते सांगण्यासारखं वाटलं नाही.

तशी खोली मिळाली. दुसरा मजला, पत्र्याचं दार, एक स्टूल. ऑफिसातून आले की कडी लावायची आणि बसायची. काही करायची नाही. तीन वर्षं मी इतकी सुखात होते की कधीकधी मला लाज वाटायची.

मग तुझी आई गेली आणि तू आलीस. सहा वर्षांची, दोन फ्रॉक आणि एक पाटी.

ठकू, तू मला नको होतीस.

लिहिलं एकदाचं. मी तुझी वेणी घालत होते, डबा देत होते, शाळेत पोचवत होते, काही कमी केलं नाही. पण आतून माझा जळफळाट व्हायचा. रात्री तुझा पाय माझ्या अंगावर पडला की मी तो उचलून बाजूला ठेवायची, हळूच, पण ठेवायची. असे चार महिने गेले. मग शाळेची सहल निघाली, दोन दिवसांची. मी ऑफिसातून आले, कडी लावली, स्टुलावर बसले. म्हटलं, मिळालं बाई माझं राज्य परत. अर्धा तास बसले असेन. मग उठून कडी काढली, दार उघडं टाकलं आणि जिन्यात जाऊन बसले. सहल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येणार होती. मला ते माहीत होतं, तरी बसले.

त्या दिवसापासून तू माझी आहेस. बहिणीची मुलगी म्हणून नाही, कुणी सांगितलं म्हणून नाही. मला तू हवी होतीस म्हणून.

इथे शिकायला आले त्यातही थोडा खोलीचा मोह होता, आता कबूल करते. आणि पदरात पडली झिपरी, जी झोपेत बडबडते!

आता मला आणखी एक वाटायला लागलंय. त्या विणकरांच्या घरात एकच खोली असायची आणि ती मागानं भरलेली. माणसं मागाच्या कडेनं झोपायची. गाव सोडून पहिल्यांदा गेल्या त्या मुली होत्या, हे तासाच्या टिपणांतच आहे. माग तेव्हा बंदही पडले नव्हते. मग त्या का गेल्या? हे कुठेच लिहिलेलं नाही. मला वाटतं, मला माहीत आहे.

रागावली असशील तर राग. पण ट्रंक अजून उघडलेली नाही. तुझ्या पत्राची वाट बघते.

मावशी


१९ ऑक्टोबर

मावशी,

पहिले दोन दिवस तुझ्याशी कट्टी होते. काचा घासायच्या यंत्रामागे उभी राहून रडले. एका आजोबांच्या चष्म्यात उजवी काच डावीकडे बसवून दिली. ते बिचारे परत आले आणि म्हणाले, "पोरी, जिना दोन दिसतोय." मग हसले, मग पुन्हा रडले. म्हणून उशीर.

आता माझं ऐक. मला माहीत होतं. सहा वर्षांच्या पोरीला कळत नाही असं मोठ्या माणसांना वाटतं, पण तू वेणी किती करकचून घालायचीस ते माझ्या डोक्याला कळायचं. पाय उचलून ठेवायचीस तेव्हा मी जागी असायची. पण मला कारण माहीत नव्हतं. मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी खोट आहे. मी शहाणी वागले नाही तर ही मला परत पाठवेल. आणि मला ठेवून घेणारं तर दुसरं कुणीच नव्हतं. म्हणून मी कधी दुसरा फ्रॉक मागितला नाही, कधी भाजी नको म्हटलं नाही. मोठी झाले तरी ती सवय राहिली. तुझी थट्टा करते, पण तुझ्याकडे काही मागताना अजूनही दहादा विचार करते.

आणि आज, सदतिसाव्या वर्षी कळतंय की प्रश्न माझा नव्हताच. तुला एक खोली हवी होती, एवढंच! माझ्या जागी कुणीही आलं असतं तरी तुझा जळफळाट झाला असता. माझं काहीच चुकलं नव्हतं मावशी. तुला कल्पना नाही मला किती हलकं वाटतंय.

आता येऊ नकोस. हे मनापासून लिहितेय. ते मुलींचं पेपरात लिही. मला लिहिलंस तसंच लिही, म्हणजे सरांची काय बिशाद आहे कोरा म्हणायची.

तुझी
ठकू


१६ नोव्हेंबर

चि. ठकू,

कुलसचिवांच्या खोलीत एकटीला बसवलं होतं. पहिला पाऊण तास मी एक अक्षर लिहिलं नाही. समोर कुणी बोलत नव्हतं ना! मग "मला वाटतं" असं लिहिलं आणि खोडलं. पुन्हा लिहिलं. आणि नंतर हात जो सुटला तो घंटा झाल्यावर कुलसचिवांना कागद ओढून घ्यावा लागला. मुली आधी गेल्या, कडीच्या खोलीसाठी गेल्या. त्या गेल्यावर सूत उकलायला, कांड्या भरायला हात उरले नाहीत, म्हणून माग बंद पडत गेले, आणि मग बाकीचे गेले. सरांनी उलटं मांडलंय, आधी माग आणि मग माणसं. ते चूक आहे असं मी सरळ लिहिलं. कुटुंबं चौतीस लिहिली.

शंभरात अठ्ठेचाळीस मिळाले. समासात पाच ठिकाणी लाल शाईनं "पुरावा?" लिहिलंय. मी पेपर घेऊन तडक सरांच्या मागे गेले आणि आमचं व्हरांड्यात अर्धा तास जुंपलं. मी चढ्या आवाजात बोलत होते हे मला झिपरीनं नंतर सांगितलं. सर ऐकेनात, मी सोडेना. शेवटी ते म्हणतात, "मला पटलेलं नाही. त्या मुली आता साठीच्या आहेत, शहरात कुठेकुठे असतील. जाऊन विचारा आणि मला खोटं पाडून दाखवा." मी आणि झिपरी जानेवारीपासून जाणार आहोत. तिला पत्ते शोधता येतात, मला लिहून घेता येतं. आणि मधेच थांबवून "खरं सांगा" असं म्हणायलाही मी शिकतेय.

मला इथे राहायचंय ठकू. तीन वर्षं पुरी करायची आहेत. हे मी तुला विचारत नाहीये, सांगतेय.

आता तुझ्या पत्राबद्दल. ते मी रोज वाचते आणि दर वेळी मला त्या सहा वर्षांच्या पोरीला उचलून घ्यावंसं वाटतं. ते आता व्हायचं नाही. वेणीबद्दल मला क्षमा कर. तू शहाणी आहेस याचा मला केवढा अभिमान होता! घरी येईल त्याला सांगायची, आमची ठकू कधी हट्ट करत नाही. ती का करत नाही हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही.

डिसेंबरात आठ दिवस येतेय. येईन तेव्हा तू एक हट्ट धर. लहानसा नको. चांगला अवघड, बिनकामाचा, मला न झेपणारा. मी बहुतेक नाहीच म्हणेन. तू भांड, रड, पाय आपट, जावईबापूंना काय वाटेल ते वाटू दे. मग आपण दोघी जेवायला बसू.

तुझी
मावशी